पुकारलं ते गाव

वसईहून बहारीनला निघालो तेव्हा आईने बॅगेत सुकेळी कोंबली आणि बजावलं, "दोन वर्षं कर आणि परत ये." त्या दोन वर्षांत माझे केस पांढरे झाले. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निसटलेल्यांनो, तुम्हा दोघांनाही ऐकवावी अशी एक गंमत घडलीय.

आमची मुलगी सेलिन इथे, बहारीनमधल्या रिफा गावात वाढली, शिकायला कॅनडाला गेली, तिथलीच झाली आणि कर्लिंग खेळू लागली. बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि तो लांब जावा म्हणून त्याच्यापुढे ब्रश घासत पळायचं! आईने वसईत व्हिडिओ पाहिला आणि फोन केला.

"घरात कधी झाडू धरला नाही पोरीने, आणि परदेशात जाऊन झाडते?"

"आई, मोठी खेळाडू आहे ती."

"मग दगड तरी दुसऱ्याला ढकलू दे!"

मी इथे अस्करच्या कारखान्यात अॅल्युमिनियमच्या भट्टीपाशी घाम गाळला आणि पोर बर्फावर पोचली. हे आलं कुठून? माझी बायको मारिया म्हणते, "कॅप्टन आहे ना, दिवसभर ओरडावं लागतं. ते तुमच्याकडून."

यंदा सेलिनची टीम नॅशनल फायनलला पोचली. तिथे सामन्याआधी प्रत्येकीचं नाव आणि गाव पुकारतात. गाव जिचं तिने कळवायचं. आम्ही टीव्हीपुढे, आई फोनवर.

"वसई म्हणणार," मी छाती फुगवली.

"कॅनडातलंच सांगेल," मारिया म्हणाली.

मी हसलो खरा. महिन्याभरात मी रिटायर होणार, व्हिसा खलास, आम्ही वसईला. पोर तिथे आपल्या घरी येणार, की पाहुणी म्हणून?

निवेदक गरजला, "सेलिन! रिफा, बहारीन!"

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"रिफा."

"ते तर भाड्याचं घर ना रे?"

सेलिन जिंकली. फोनवर अभिनंदनाआधी मी विचारलं, "वसई का नाही गं?"

"पप्पा, वसई इज युअर होम. आय वेन्ट देअर फॉर व्हेकेशन्स. मी तर रिफाची."

घर म्हटलं की मी वसईकडे बोट दाखवायचो. इथल्या भिंतीत कधी एक खिळा ठोकला नाही, उद्या जायचंच म्हणून.

सकाळी हातोडी आणली, हॉलमध्ये खिळा ठोकला आणि सेलिनचा ट्रॉफीसकटचा फोटो टांगला.

"अहो, महिन्याभरासाठी?" मारिया म्हणाली.

"हो," म्हटलं, "सरळ आहे का बघ."