चेन का पडत होती

माझ्या हाताखालून गेलेली वस्तू बिघडली तर दोष वापरणाऱ्याचा, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. नारायणगावात ट्रॅक्टरच्या गॅरेजात मी मिस्त्री होतो. वडील मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळे पिंपरी पेंढारच्या आमच्या घरात माझाच शब्द चालायचा. घरात माणसं तीनच: आई, मी आणि माझी धाकटी बहीण. माझं तोंड फटकळ आणि डोकं तापट. आई बहिणीला म्हणायची, "त्याला उलटून बोलू नगं, आपोआप थंड हुतो." तिथंच सगळं चुकलं असं आता वाटतं, पण तेव्हा मला ते फार सोयीचं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बहिणीनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं होतं. आधी एकदा तिचं थोडक्यात हुकलं होतं आणि ही शेवटची संधी होती, कारण पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं. रोज सकाळी ती ओतूरच्या मैदानावर पळायला जायची. एसटी वेळेवर मिळायची नाही, म्हणून मी पुण्याहून एक जुनी गिअरची सायकल आणली. जाड टायर, आडवं हँडल. गावात पोरं तिच्याकडं वळून बघायची.

त्या सायकलला पुढं पायडलपाशी तीन दातेरी चक्र्या होत्या. तिथला गिअर मातीनं जाम झाला होता. दोन दिवस खटपट केली, मग माझं टाळकं फिरलं. म्हटलं, कशाला पाहिजेत हे तीन-तीन लाड? मधली चक्री ठेवली, बाकीच्या दोन काढून टाकल्या. केबल काढली. चेनला एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा पत्र्याचा एक चिमटा असतो, तोही काढला. आता ढकलायचंच कुठं नाही, तर ढकलणारा हवा कशाला? सायकल हलकी झाली आणि मी स्वतःवरच खूष झालो.

चारच दिवसांत बहीण काळे हात घेऊन घरी आली.

"दादा, चेन पडती रे."

"पायडल उलटं मारत असशील."

"नाय मारत. खड्ड्यातनं गेली की पडती."

"मारत असणार. त्याशिवाय पडंल कशी?"

मी चेनला ऑइल पाजलं आणि विषय संपवला. ती परत पडली. बहिणीनं परत सांगितलं. तिसऱ्या वेळी आई मधे पडली, "आरं, एकदा बघ तरी." मग मी सायकल अंगणात उलटी केली आणि हातानं पायडल गरागरा फिरवलं. चेन मुंग्यांच्या रांगेसारखी सरळ चालली. अंगणात खड्डा नव्हता, सायकलवर माणूस नव्हतं, मग ती पडेल कशी! पण मला तेवढंच पाहिजे होतं. मी बहिणीवर खेकसलो, "साधी सायकल झेपंना, आन म्हणं पोलिसात जायचंय!" दुसऱ्या दिवसापासून ती सायकलला एक फडकं बांधून न्यायला लागली, पडलेली चेन बसवायला.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं पाने, हातोडे, विळे, कोयते, झाडून सगळी हत्यारं आणि गाड्या धुऊन पुजतात. आईनं सायकलच्या हँडलला झेंडूची माळ बांधली. ती माळ वाळून आपोआप गळेपर्यंत काढायची नाही, अशी आमच्या घरातली रीत. दसरा झाला आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी बहीण माळेसकट सायकल घेऊन पळायला निघाली.

हायवेवर मागून ट्रक आला, म्हणून ती उभी राहून जोरात पायडल मारायला लागली. रस्त्याची कड तुटलेली होती. सायकल उडाली, चेन पडली, पाय रिकामाच खाली गेला आणि ती गुडघ्यावर खडीत आपटली. ट्रक निघून गेला, हे नशीब. ज्यांनी तिला घरी आणलं त्यांनी सायकलही आणली. माळ तुटून तिचा दोरा चेनमध्ये गुंतला होता. "माळ अडकली राव, दुसरं काय," ते म्हणाले. आईनं ते ऐकलं. "माझ्याच हातानं बांधली गं माय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "जरा बारीक दोरा बांधायचा ना, आई."

गुडघा काळानिळा पडला. हाड शाबूत आहे, पण आतली शीर दुखावली आहे, विश्रांती घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. भरती तीन आठवड्यांवर आली होती. कसली विश्रांती!

पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टरचे पार्ट आणायला मंचरला जायचं होतं. सायकल टेम्पोत टाकून नेली, वाकलेलं पायडल सरळ करायला. तिथल्या सायकलवाल्या म्हाताऱ्यानं एकदा खाली वाकून बघितलं.

"पावणं, हिचा चिमटा कुठंय?"

"काढला. एकच चक्री आहे, काय उपयोग त्याचा?"

"आवो, एकच चक्री हाय म्हणून तर पाहिजे! गिअरच्या चक्रीचं दातं आखूड असत्यात, चेन पटकन सुटून दुसऱ्या चक्रीवर जावी म्हणून. तिला दोन्हीकडनं धरायला तो चिमटाच असतोय. वर मोठी चक्री काढली आन चेन हाय तेवढीच लांब ठिवलीया. लोंबती चेन खड्ड्यात उडणार न्हाई तर काय व्हईल? ही तर रोज पडत आसंल."

मी मान हलवली. त्यानं चेनच्या चार कड्या काढल्या, एका मोडक्या सायकलचा चिमटा आणून चक्रीच्या वर बसवला, चेन बाहेर घसरू नये म्हणून बाहेरून एक गोल चकती लावली. अर्धा तास लागला असेल. मग मी स्वतः स्टँडमागच्या खड्ड्यांतून सायकल दणादणा आपटत फिरवली. चेन पडावी म्हणून मी जीव तोडून प्रयत्न केला, खरं सांगतो. ती पडली असती तर मी सुटलो असतो. ती एकदाही पडली नाही.

घरी येऊन मी फक्त "झाली नीट" म्हणालो. आई बहिणीच्या गुडघ्याला हळद-तेल चोळत बसली होती आणि चोळता चोळता तिची माफी मागत होती, जशी ती रोज मागायची. मी बघत उभा राहिलो. तोंड उघडलं नाही. लाज वाटली म्हणावं तर लाज नव्हती ती, माज होता.

भरतीला पुण्याला मीच तिच्याबरोबर गेलो. मला कुंपणाबाहेर थांबवलं. पहिली फेरी तिनं सगळ्यांच्या बरोबरीनं काढली. दुसऱ्या फेरीत पाय ओढायला लागली, मग लंगडायला, मग एका हातानं गुडघा धरून चालायला. बाकीच्या मुली पोचून पाणी पीत होत्या, तरी ही चालतच होती. शेवटपर्यंत गेली ती. मग बाहेर येऊन म्हणाली, "चल, गाडी पकडू."

राजगुरुनगरच्या पुढं मला राहवेना. चिमटा, कड्या, म्हातारा, सगळं सांगून टाकलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "आईला सांग. आजच."

घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. बहिणीचा चेहरा बघून तिला निकाल कळला. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की माळेचा काही संबंध नव्हता, चेन आधीपासून पडत होती, मीच सायकल बिघडवली होती आणि मंचरला गेलो तेव्हापासून मला हे माहीत होतं. मला वाटलं, आता ही हातातलं सूप माझ्या डोक्यात घालेल. घालायलाच पाहिजे होतं.

पण आईचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजी हिची काय चूक न्हाई?"

"न्हाई."

"आन माझीबी न्हाई?"

"न्हाई, आई. माझी एकट्याची."

ती पदर झटकत उठली. "मग तू उद्या जा की परत पुण्याला. त्या सायबांना सांग, चूक माझी व्हती, हिला परत पळू द्या. गुडघा बरा झाला की ती कुणाला ऐकती व्हय! काढ तो शर्ट, धुऊन टाकते, सकाळपतुर वाळंल."

बहीण आत निघून गेली. आई शर्टासाठी हात पुढं करून उभी होती.

"आई, तसं नसतंय," मी म्हणालो.

"का नसतंय?" आईनं विचारलं.