विहीर आली की माइक बंद!

चिकू कितीही उतरवा, झाडावर चार राहतातच. आमच्या चर्चमधल्या किश्शांचं तसंच! मी बावतीस. चौथीनंतर शाळेनं मला सोडलं, पण चर्चनं माइक सांभाळायला ठेवून घेतलं. म्हणून हे सगळं माझ्या समोर घडलेलं.

दोन हजार सोळाचा उन्हाळा. तलासरी रस्त्यावरच्या आमच्या चर्चमध्ये फादर सायमन नवे आलेले. पहिल्या बाकावर कमिटीचे चेअरमन पास्कोल शेठ. त्यांची घोलवडला वाडी. तिथल्या विहिरीवर पाड्यातल्या बाया वर्षानुवर्षं पाणी भरायच्या. शेठनी त्याच वर्षी फाटकाला कुलूप ठोकलं!

फादर प्रवचनात म्हणाले, "विहिरीला कुलूप घालता आणि इथं दारात पवित्र पाणी कपाळाला लावता? कपाळ भिजतं, आत काय भिजतं?"

मागच्या बाकांवर पाड्यातली माणसं खूश. शेठना असा खोकला लागला, की मी माइकचा आवाज वाढवला!

*

कमिटीची मीटिंग झाली. शेठ म्हणाले, "फादर, चर्चमध्ये राजकारण नको."

इलेक्शनला हेच शेठ उमेदवाराला हार घालून पहिल्या बाकावर बसवतात. ती भक्ती! आणि पाणी मागितलं की राजकारण! मी चहा देत होतो, नाहीतर तिथंच बोललो असतो. शेठच्या कपात साखर तेवढी घातली नाही.

*

मग शेठ माझ्याकडे आले. "बावत्या, प्रवचनात विहीर आली की माइक बंद करायचा. समजलं?"

"समजलं, शेठ."

रविवारी मिस्साच्या प्रार्थनेत बायबलचं पहिलं वाचन शेठचंच होतं. वाचनातली बाई घागर घेऊन निघाली आणि शेठ म्हणाले, "विहिरीवर..."

मी खटकन माइक बंद!

मागून पाड्यावरची जानी म्हातारी ओरडली, "ऐकू येत नाय!"

मिस्सा संपल्यावर शेठ धावून आले. मी म्हटलं, "विहीर आली की बंद, तुम्हीच म्हणालात ना?"

*

महिन्याभरात वरून हुकूम आला. फादर सायमनना विश्रांतीची गरज आहे, त्यांची बदली!

भर उन्हात सायकलवर पाडे फिरणारा माणूस. त्याला विश्रांती? पाड्यावर कुणाला विचारलं नाही. मागच्या बाकावरचे काय फक्त गुडघे टेकायलाच?

जानी म्हणाली, "आमचा फादर धडधाकट हाय. आजारी त्या शेठचं कुलूप हाय!"

*

फादरची शेवटची मिस्सा. हुकमात आणखी एक ओळ होती: प्रवचन करायचं नाही. शेठनी खबरदारी म्हणून सकाळीच माझ्याकडून माइक काढून कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली. कुलपं लावायची सवयच ना!

प्रवचनाची वेळ झाली. फादर आत गेले, जानीचा रिकामा हंडा घेऊन आले, वेदीच्या पायरीवर ठेवला आणि शेजारी उभे राहिले.

एक शब्द नाही. चर्चमध्ये फक्त पंखे फिरतायत. पहिला बाक हंड्याकडे बघेना, मागच्यांची नजर हंड्यावरून हलेना.

शेवटी मागून जानी म्हणाली, "आज ऐकू आलं, फादर!"

तसे शेठ ताडकन उठले आणि माझ्याकडे वळून ओरडले, "बावत्या, माइक बंद कर!"