खटका नसलेला चाकू

ठिबकच्या नळ्या बसवणं हा माझा धंदा. राहायला मलकापूरला, पण काम बहुतेक पूर्वेला, कवठे महांकाळच्या द्राक्षबागांत. नळ्या कापायचा कटर पेटीत असतो आणि पेटी मोटारसायकलला बांधलेली. हाताशी असतो तो खिशातला चाकू. दोरी तोडायला, पोतं फोडायला, डब्यातला कांदा चिरायला. बरीच वर्षं मी जो मिळेल तो चाकू वापरला आणि त्याबद्दल कधी विचार केला नाही. मग मोबाईलवर एक दिसला. काळा, चकचकीत, मागं छोटी बॅटरी, बाजूला बाटली उघडायचा आकडा. दोन वेळच्या जेवणाच्या पैशात एवढं सगळं मिळतंय म्हणून मागवला.

तो खिशात येऊन आठवडा झाला असेल. सकाळी एका बागेच्या कडेला मी नळ्या पसरत होतो. बागेला नायलॉनच्या जाळीचं कुंपण होतं आणि पलीकडच्या पडीक रानात मेंढरं चरत होती. एका गाभण मेंढीनं पानांसाठी जाळीत मुंडी घातली आणि बाहेर काढायला ओढाओढ केली. दोरी लोकरीत रुतत गेली. मेंढपाळ बाई लांबून पळत येत होती. पन्नाशीची, किडकिडीत, डोक्यावर फडकं. मी चार पावलांवर होतो, म्हणून मीच गेलो.

मेंढीची जीभ बाहेर आली होती. मी चाकू उघडला, टोक दोरीखाली घातलं आणि जोर लावून पुढं ढकललं. दोरी तुटली नाही. पातं उलटं मिटलं आणि माझ्या तर्जनीवर बसलं. उघडलेलं पातं धरून ठेवणारा खटका त्या चाकूला नव्हताच. बॅटरी होती, आकडा होता, खटका नव्हता.

तेवढ्यात बाई पोचली. तिनं कमरेचा बोटभर पात्याचा चाकू काढला, पात्याची पाठ मेंढीच्या मानेकडं केली, धार दोरीला लावून स्वतःकडं ओढली. दोन दोऱ्या तुटल्या आणि मेंढी मागच्या मागं बसली. मग बाईनं डोक्याचं फडकं फाडून माझं बोट आवळलं. बागमालकानं मला दवाखान्यात नेलं. टाके पडले, जखम भरली, पण ते बोट आजही पुरतं वाकत नाही.

घरी बसावं लागलं तेव्हा डाव्या हातानं मी मोबाईलवर नुसते चाकू बघत होतो. जेवताना, आंघोळीला पाणी तापेपर्यंत, पाहुणे बोलत असताना. डोळे मिटले की दोरी आणि ती जीभ दिसायची आणि मी उठून पुन्हा मोबाईल घ्यायचो. मलकापूरच्या हार्डवेअरच्या दुकानातून लाकडी मुठीचा एक घेतला, खटक्याचा. पण दिसायला फारच साधा, म्हणून मन बसेना. मग उंब्रजच्या बाजारातून वीतभर पात्याचा, म्यानासकट घेतला. तो कमरेला लावून निघालो तर नाक्यावर तपासणीत पोलिसानं थांबवलं. हे कशाला लागतं, असं त्यानं शांतपणे विचारलं. नळीचा धंदा, मेंढी, बोट, सगळं सांगत बसलो. अर्ध्या तासानं त्यानं सोडलं आणि असलं हत्यार रस्त्यावर घेऊन फिरू नका म्हणाला. त्यानंतर आणखी एक मागवला, जाड पोलादाचा. तो खिशात विटेसारखा जड वाटायचा.

संध्याकाळी मी ओसरीवर बसून खटके उघडमीट करायचो. एकदा बायको ताट ठेवता ठेवता म्हणाली, "आवं, कितीबी चाकू घेतलं तरी ते बोट काय वाकायचं न्हाई."

मी ताट तसंच ठेवून उठलो. दुसऱ्या दिवशी नवे तिन्ही चाकू पिशवीत घालून कवठे महांकाळला गेलो. अर्धवट राहिलेलं काम होतं, पण पहिल्यांदा त्या बाईला शोधलं. मेंढरं पुढं सरकली होती. विचारत विचारत दोन गावं पालथी घातली, तेव्हा एका नांगरलेल्या रानात ती बसलेली सापडली. तिनं आधी मला ओळखलं नाही. बोट दाखवल्यावर हसली.

मी चाकू तिच्या घोंगडीवर मांडले. तिनं एकेक उचलला. आधी पात्याची पाठ दगडावर दाबून खटका सुटतो का पाहिलं, मग मूठ ओल्या हातानं धरून पाहिली, मग सुतळीवर ओढला. लांबडा आणि जड दोन्ही बाजूला सारले. लाकडी मुठीचा हातात ठेवला. ह्याला धार कमी आहे, पण दगडावर घासली की येईल, मोठ्या पात्यानं रानात काहीच जास्त होत नाही, असं म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, हा असता तर बोट वाचलं असतं."

ती सुतळी गुंडाळत होती. "वाचलं बी असतं. पर दादा, तुमी ढकलीत हुता. दोरी वढून कापायची असती. माझा बी अंगठा असाच गेलता."

तिनं अंगठा पुढं केला. आडवी पांढरी रेघ होती. एवढे दिवस मी चाकूला शिव्या देत होतो आणि माझ्या हाताचा विचारच केला नव्हता. तिचंही तसंच झालं होतं हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. विषय बदलावा म्हणून मी त्या मेंढीचं विचारलं. व्याली, कोकरू चांगलं आहे, तिला मात्र गेल्या बाजारात विकली, असं बाईनं सांगितलं, आणि उठून कळपाकडं गेली.

लांबडा चाकू मी घरी नारळ सोलायला दिला. जड चाकू एका बागवानाला दिला. लाकडी मुठीचा दगडावर घासायला शिकलो. पहिले पंधरा दिवस धार लागण्याऐवजी पातं बोथटच होत होतं, मग हात बसला. आता तो रोज खिशात असतो आणि दोरी मी ओढूनच कापतो. तरी बागेत शिरताना कुंपण दिसलं की मी आधी जाळीच्या कडेनं शेवटपर्यंत चालत जातो. बागमालक विचारतात, काय शोधताय? मी नळीचं माप घेतोय म्हणून सांगतो.