लोहाच्या गोळ्यांचं बिल

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच चिडलेली होते. देणगीदारांना पाठवायचा वार्षिक अहवाल टेबलावर अर्धवट पडला होता, दोन बिलं सापडत नव्हती आणि आमच्या संस्थेचे हे खजिनदार तीन आठवडे घोटावड्याला घरी खाटेवर पडून होते. त्यांची सून म्हणाली, "बाई, अण्णा गेलं सकाळी." आणि मी विचारलं काय, तर "त्या दोन बिलांचं काही बोलले होते का?" शरम वाटते सांगायला, पण माझ्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं. सहा आठवडे झाले. राग अजून गेलेला नाही, फक्त तो कुणावर आहे हे हळूहळू कळायला लागलंय.

अठ्ठ्याण्णव साली मी पुण्यातला दवाखाना बंद करून पौडला आले. एक जुनी जीप, मी डॉक्टर, माले गावची शालन नर्स आणि अण्णा, एवढीच आमची संस्था. गावच्या सोसायटीत सचिव म्हणून उभी हयात काढलेला हा माणूस. औषधाच्या प्रत्येक खोक्यावर पेन्सिलीने नंबर घालायचा, महिनाअखेरीला कपाट उघडून एकेक खोकं बिलाशी ताडून बघायचा. एकदा रांग रस्त्यापर्यंत गेलेली आणि अण्णा बँडेजचं एक बंडल कमी भरतंय म्हणून अडून बसलेले. मी ओरडले, "अण्णा, जखम बांधू की बँडेज मोजू?" ते शांतपणे म्हणाले, "आदी बांदा, मग मोजू. पर मोजायचं हायच. दुसऱ्याचं पैसं हायेत, बाई." अशा माणसाबरोबर बारा वर्षं काम करून बघा, मग मला चिडकी म्हणा.

हिंजवडीकडच्या एका कंपनीने आम्हाला वर्षाची देणगी द्यायला सुरुवात केली आणि सोबत एक फॉर्म आला. त्यात दोन रकाने, रुग्णसेवा आणि प्रशासन. गोळ्या, सलाइन, सुया पहिल्यात. पगार आणि डिझेल दुसऱ्यात, आणि दुसरा रकाना फुगला की पुढचा हप्ता बंद. आता धरणामागच्या वस्त्यांवर औषधं काय पंख लावून जाणार होती? शालन पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढायची, गरोदर बायकांना तपासायची, ती म्हणे प्रशासन! कंपनीतल्या साहेबांशी मी फोनवर तासभर भांडले. पोरगा बिचारा सभ्य होता. "मॅडम, मला पटतंय, पण फॉरमॅट वरून आलाय. डोनर्सना सॅलरी आवडत नाही," म्हणाला.

शालनचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. घरात कमावती ती एकटी. मग मी पुण्यातल्या एका ओळखीच्या औषधवाल्याकडून बिल आणलं, लोहाच्या गोळ्यांचं. गोळ्या घेतल्याच नव्हत्या. त्या रकमेतून शालनचा पगार केला आणि अण्णांना सांगितलं की माल थेट वस्तीवर गेला. त्यांनी हिशेबाच्या कागदावर सही केली. डॉक्टरने सांगितल्यावर विचारायचं कशाला...

महिनाअखेरीला त्यांनी कपाट उघडलं, वस्तीवर वाटलेल्या औषधांची शालनची वही मागवली आणि ते बिल माझ्यापुढे ठेवलं. "बाई, ह्यातली खोकी कुटं हायेत?" मी खोटं बोलू शकले असते, पण संतापच झाला. "शालनच्या चुलीत गेली! मी खाल्ले का पैसे?" अण्णांनी बिलाची घडी घातली. मग म्हणाले, "खाल्लं न्हाई, ठावं हाय मला. पर देनाऱ्याला आपण गोळ्या सांगितल्या. पगार सांगायचा व्हता. न्हाई म्हनला असता तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी एसट्या बदलत ते एकटेच कंपनीत गेले. सही माझी, चूक माझी, बिलातला माल आलेला नाही, एवढंच सांगून आले. हप्ता बंद झाला. शालन पिरंगुटला एका कारखान्यात खोकी भरायच्या कामाला लागली आणि वस्तीवरच्या बायका पोटुशी असताना डोंगर उतरून यायला लागल्या. "मिळालं का पुण्य?" असं मी अण्णांना सगळ्यांसमोर विचारलं. वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

गावात मात्र बोलणं थांबलं नव्हतं. अण्णांनी चांदे गावातली थोडी जमीन विकून भाड्याच्या चार खोल्या बांधल्या होत्या. तिथे आयटीतली पोरं राहायला आली आणि लोकांनी त्या खोल्यांचं बारसं केलं, गोळ्यांची चाळ! खजिनदाराने औषधाचे पैसे खाल्ले, दुसरं काय? मी अण्णांकडे गेले, म्हटलं, मी सगळ्यांना खरं सांगते. ते म्हणाले, "गप बसा. खजिनदार दुसरा मिळंल, डॉक्टर हितं कोन येतंय? तुमचं नाव गेलं तर गाडी थांबल." आणि मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. विश्वस्तांनी अण्णांना काढायचं म्हटलं तेव्हा मी "राहू द्या हो" म्हणाले, जणू त्यांच्यावर उपकारच करत होते!

दोन वर्षांनी अण्णांनी पुण्यातल्या एका निवृत्त बाईंना पत्र लिहिलं. औषधासाठी नको, नर्सच्या पगारासाठी पैसे हवेत, असं सरळ. बाईंनी दिले. शालन परत आली. इतकं सोपं होतं ते! तेव्हा मला अण्णांचा आणखीनच राग आला.

शोकसभा घोटावड्याच्या शाळेत झाली. एक विश्वस्त म्हणाले, "माणूस कष्टाळू होता. त्या एका प्रकरणाकडे आज बघायला नको, मरणानंतर वैर संपतं." अण्णांच्या मुलाने मान खाली घातली. मी पहिल्या रांगेत बसले होते. माझी पाळी आल्यावर मी अण्णांच्या सुंदर अक्षराबद्दल बोलले. अक्षराबद्दल!

बाहेर शालनने मला गाठलं. "बाई, तुमी का न्हाई बोल्ला? तो पगार मी घेतलाय. कुठनं आला ते मला बी ठावं हाय." मी म्हटलं, मी लिहिणार आहे, पेपरात, सगळं. ती म्हणाली, "पेपर पुन्यात वाचत्यात. चाळीला नाव हितं पडलंय. माल्यात, घोटावड्यात सांगा."

माल्याला दर बुधवारी आमचा दवाखाना असतो. त्यानंतर असे पाच बुधवार गेले. दर वेळी ठरवून गेले आणि दर वेळी रांग बघून मुकाट पेशंट तपासायला घेतले. कुणाच्या तरी पोराला ताप असतोच... निमित्ताला काय तोटा?

म्हणून आज इथे आधी लिहिते. लोहाच्या गोळ्यांचं ते बिल खोटं होतं. ते मी आणलं होतं. अण्णांनी त्यातला एक पैसा घेतला नाही, त्यांच्या खोल्या त्यांच्या जमिनीच्या पैशाच्या आहेत. हे छापून आलं की पेपर शालनच्या हातात देणार आहे. पुढच्या बुधवारी रांगेसमोर माझं तोंड उघडलं नाही, तर ती वाचून दाखवेल.