हेडवरचं कुंकू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते माझं मलाच नीट कळत नाही.

आमचं दहिवलीत फ्लेक्स छापायचं दुकान आहे. दुकान दादाचं, म्हणजे थोरल्या भावाचं. मशीन माझ्या ताब्यात. वाढदिवस, बारसं, श्रद्धांजली — सगळे हसरे चेहरे माझ्याच हातून बाहेर पडतात. शाईचं मशीन फार नाजूक. त्याच्या हेडला केसाहून बारीक भोकं असतात, त्यातून शाई उडते. रोज काम संपलं की हेड सोल्युशनने पुसायचं, खालचा स्पंज भिजवायचा आणि हेड त्यावर झाकून ठेवायचं. नाहीतर शाई आत वाळते, भोकं बुजतात. — आता तुम्ही म्हणाल, हा कबुली द्यायला बसला आणि मशीनच शिकवतोय. खरंय. मी असाच टाळत आलोय.

वहिनी तेव्हा दुकानात बसायची. डिझाइन तीच करायची, आणि माझ्यापेक्षा सरस करायची — हेही मी कधी तोंडाने म्हटलं नाही. दसऱ्याला मशीन बंद ठेवून त्याची पूजा करायचा मान तिचा. हळद, कुंकू, झेंडूचा हार.

त्या वर्षी आदल्या संध्याकाळी मित्रांनी हाक मारली आणि मी हेड तसंच उघडं टाकून पळसदरीच्या धरणावर गेलो. उद्या कुठे मशीन चालणार आहे, असं मनाशी म्हटलं. पण बंद राहणार होतं म्हणूनच तर पुसायला हवं होतं ना? दसरा झाल्यावर मशीन चालू केलं, तर निम्मे रंगच येईनात. मी घाबरलो. सिरिंजने सोल्युशन जोरात दाबलं — हळू सोडायचं असतं, हे काय मला माहीत नव्हतं? — आणि हेड कायमचं गेलं.

दादा आला. मशीनवर पूजेचं कुंकू सांडलेलं होतं. हेडमध्ये कुंकू गेलंय, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

निघून गेलं? छे. मी म्हटलं. नीट विचार करून म्हटलं.

दादा वहिनीवर गिऱ्हाइकांदेखत ओरडला. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिला ते पटलं — हे सगळ्यात वाईट. आपण पूजा केली आणि आपल्याच हातून घराचं नुकसान झालं, हे तिने मनाला लावून घेतलं. दुकानात येणं तिने स्वतःच बंद केलं.

आम्ही एकाच घरात राहतो. मी घरी आलो की ती विचारते, "भावोजी, हेड पुसलं ना?" त्यात टोमणा नसतो, काळजी असते. मी हो म्हणतो आणि ताटावर बसतो. घास घशाखाली उतरत नाही, असं लिहिलं तर शोभेल — पण उतरतो. कुठे जाणार मी? मशीन सोडता येत नाही, घर सोडता येत नाही, आणि जितका काळ जातोय तितकं सांगणं अवघड होत चाललंय. मला याची लाज वाटते. लाज वाटून काय होतं?

परवा पुतणीने दुकानात बसायचा हट्ट धरला. तिचा डिझाइनचा हात चांगला आहे, आईवरच गेलीय. दादाही तयार होता. वहिनीच म्हणाली, "नको गं. आपल्या हाताला मशीन धार्जिणं नाय." पोरीने माझ्याकडे बघितलं. काका आपली बाजू घेईल, अशी तिची खात्री होती.

मी म्हटलं, "आईचं ऐक गं."