एक नंबर, हजर?

सुभेदार फौजेतून निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्या डोक्यापर्यंत पोचलीच नव्हती. गाद्यांच्या दुकानात नोकरी धरली, तर नमुन्याच्या पलंगावर चादर अशी ताणून बसवायचे की टेकलेलं गिऱ्हाईक घसरून थेट जमिनीवर. घरी बायकोच्या बरण्या उंचीप्रमाणे रांगेत उभ्या. मीठ शोधता शोधता बाईंचा जीव मेटाकुटीला यायचा.

"अहो, स्वयंपाकघर आहे हे, परेडचं मैदान नव्हे!"

त्यावर कडी म्हणजे सकाळी सहाची हजेरी. जुन्या तुकडीतल्या सगळ्यांना एकत्र फोन लावायचा, बनियन खोचून ताठ उभं राहायचं आणि ओरडायचं, "दोन नंबर!" पलीकडून "हजर!" आणि सोबत एक वेडपट बातमी, असा हुकूमच होता. पाच नंबरची कवळी म्हणे मांजरानं पळवली. उशीर करणाऱ्याला फोनवरच बैठका काढायची शिक्षा. पाच नंबर खुर्चीत बसूनच धापा टाकायचा, लबाड मेला.

बाई कुरकुरायच्या, पण हजेरी कधी मोडली नाही. कारण तीन नंबर. फौज सोडून वर्ष होत नाही तोच त्यानं जीव दिला. आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. सुभेदार "नंतर करतो" म्हणाले आणि राहून गेलं. पुढे माजी सैनिकांच्या सभेत एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतर लोकांपेक्षा फौज सोडलेल्यांमध्ये जीव देणारे बऱ्याच ठिकाणी जास्त निघतात. बाहेर पडल्यावरची पहिली वर्षं फार जपायची. सरळ विचारा एकमेकांना. विचारल्यानं कुणी मरत नाही." बाकीचे पेंगत होते. सुभेदारांनी दुसऱ्या दिवशी हजेरी सुरू केली. तीन नंबरपाशी ते रोज क्षणभर थांबायचे, मग चार.

हल्ली मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. दुकानातल्या चादरींना सुरकुत्या. बाईंनी मुद्दाम सर्वांत उंच बरणी रांगेच्या मध्ये ठेवून पाहिली. दोन दिवस हूं की चूं नाही.

मग बाईंच्या एकदम ध्यानात आलं. अगं बाई, हजेरी सुरूच होते दोनपासून! एक नंबर म्हणजे हे स्वतः, आणि यांना विचारतंय कोण?

दुसऱ्या दिवशी शेवटचा "हजर" आला तसा बाईंनी फोन हिसकावला, हातात झारा घेऊन ताठ उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "एक नंबर!"

"अगं, काय हा चावटपणा..."

"बैठका काढाव्या लागतील हां, सुभेदार!" पाच नंबर फोनमधून खिदळला.

"हजर," सुभेदार म्हणाले. मग खुर्चीत बसले. "पण बरं नाही रे. कधीकधी जगावंसंच वाटत नाही."

कुणी हसलं नाही. "मी निघालोच," पाच नंबर म्हणाला. "त्या डॉक्टरीणबाईंकडे आजच जाऊ. मला कवळी नाही, तेव्हा बोलायचं तुम्ही." दुपारी तो खरंच बोळकं घेऊन दारात हजर. बाईही सोबत गेल्या, आणि पुढच्या खेपांनाही. हजेरी आता एकपासून सुरू होऊ लागली.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी स्वयंपाकघरातून गर्जना झाली.

"ही उंच बरणी मध्ये कुणी घुसवली?"

बाई तिथंच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत हसत रडल्या.