फ्लेक्स आधी, ॲडमिशन नंतर

हसणार नसाल तर सांगतो. आणि हसणार असाल तरी सांगतो, कारण निम्मं इंदापूर हसून मोकळं झालंय. आता तुम्ही चारजण राहिलात, तर माझं आणखी काय बिघडणार आहे? चहा घ्या आणि ऐका.

बारामतीला जळोचीच्या रस्त्यावर माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. गेली कितीतरी वर्षं मी दुसऱ्यांचं कौतुक छापतोय. वाढदिवस छापले, सरपंच छापले, शर्यतीत पहिला आलेला बैलही छापला. त्या बैलाचा फोटो मालकापेक्षा मोठा होता, आणि खरं सांगायचं तर दिसायलाही बरा होता. माझ्या मशीनमधून बाहेर पडलेला माणूस आपोआप दोन छटा उजळ होतो, ही आमची सेवा.

आमच्या धंद्यात एकच नियम. फ्लेक्सच्या तळाला शुभेच्छुकांचे फोटो असतात ना, त्यात एक जरी पाहुणा राहिला, तर तो पुढं मयताला भेटला तरी बोलत नाही.

तर अशा ह्या माझ्या घरात ऋतुजा नावाची एकुलती एक लेक. यंदा बारावी झाली, प्रवेश परीक्षेत मार्क भरपूर पडले, आणि कॉम्प्युटरच्या डिग्रीला एकाच आठवड्यात दोन ठिकाणी नंबर लागला. एक सरकारी विद्यापीठ. जुनी दगडी इमारत, फी आपल्यासारख्याला झेपेल अशी. दुसरं खाजगी, नावाजलेलं, सगळं काचेचं. त्याच्या फीचा आकडा वाचताना मला मध्येच दम खावा लागला होता.

आता आमच्याकडं म्हैस घ्यायची तरी गोठ्यात जाऊन बघतात. मग पोरीला पाठवायचं ठिकाण न बघता कसं ठरवणार? आम्ही तिघं, मी, बायको आणि ऋतुजा, दोन्हीकडं जाऊन आलो.

काचेच्या विद्यापीठात कोटवाल्या एका ताईंनी दारातच स्वागत केलं. थंडगार कॉफी दिली. बॅटरीच्या छोट्या गाडीतून सगळं आवार फिरवलं. माझ्यासाठी दार कुणी धरून उभं राहायची आयुष्यातली ही दुसरी वेळ. पहिली माझ्या लग्नात.

सरकारीत काय झालं? शिपायानं मान वर न करता नुसत्या हनुवटीनं दाखवलं, तीन नंबरची खिडकी. बस्स. ऋतुजा तिथं पायऱ्यांवर बसलेल्या पोरापोरींत जाऊन बसली ती तासभर उठेना. कुठल्यातरी प्रोग्रामवरून त्यांची भांडाभांडी चालली होती, त्यात हीसुद्धा हात नाचवून भांडत होती. मी लिंबाखाली उभा. पाण्याचं कुणी विचारलं नाही. पोरीच्या बापाला पाणी विचारत नाहीत, तिथं पोर द्यायची का? मी मनातल्या मनात सरकारीवर फुली मारली. लग्नाच्या याद्या करायची सवय झालेला माणूस मी, विद्यापीठातही मानपानच बघणार.

त्यात माझे साडू. भाऊसाहेब. बायकोच्या बहिणीचे यजमान, इंदापूरला ठिबकचं सामान विकतात. त्यांचा मुलगा पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजात आहे आणि त्या कॉलेजात पोहायचा तलाव आहे. हा तलाव गेली दोन वर्षं आमच्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि जागरण-गोंधळात येतो. पोराला पोहता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

एका सकाळी मी ऋतुजाला विचारलं, "मग, ठरलं का?"

"पप्पा, सरकारीतली सीट उद्या संध्याकाळी पाचपर्यंत मोबाईलवरनं पक्की करायचीय. न्हाय केली तर पुढच्या नंबराला जाणार. मला उद्यापर्यंत विचार करू द्या की."

"कर, कर," मी म्हणालो. मोठ्या मनाचा बाप.

दुपारी मोबाईल उघडतो तर काय, ऋतुजाचं स्टेटस. काचेच्या विद्यापीठाच्या कारंज्यासमोर उभी, तोंडभर हसतेय आणि खाली लाल बदाम. आता तुम्हीच सांगा, ह्याच्यावर आणखी काय पुरावा पाहिजे? आमच्याकडं लग्न जमलेलं स्टेटसवरूनच कळतं. मी म्हटलं, पोरीनं ठरवलं, लाजतेय म्हणून सांगत नाही.

आणि मी मशीन चालू केलं.

वीस फूट बाय दहा फूट. मधोमध ऋतुजा. तिच्या अंगात मी काळा झगा घातला, डोक्यावर डिग्रीची चौकोनी टोपी ठेवली. ॲडमिशनच्या आधी पदवी देणारा महाराष्ट्रातला मी पहिलाच माणूस असेन. वर खाजगी विद्यापीठाचं नाव सोनेरी अक्षरांत, 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली सत्तावीस शुभेच्छुक. भाऊसाहेबांचा फोटो मुद्दाम सगळ्यात मोठा टाकला, म्हणजे फ्लेक्स काढायचं त्यांच्या जिवावर येईल.

बायको डबा घेऊन दुकानात आली. फ्लेक्सकडं बघत उभी राहिली.

"पोरीला इचारलं का?"

"सरप्राइज हाय."

"कुणाला?" ती म्हणाली आणि डबा ठेवून गेली.

फ्लेक्स बारामतीत लावून उपयोग काय? बारामतीत मला सगळे ओळखतात, इथं कोण जळणार? मी टेम्पो काढला, बांबू बांधले आणि दिवस मावळायच्या आत इंदापूर गाठून भाऊसाहेबांच्या दुकानासमोर, बरोब्बर त्यांच्या गल्ल्यावरून दिसेल असा तो उभा केला. येताना गाडीत मी गाणी म्हणत आलो. मला गाता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साडूंचा फोन. मी तयारीत. आता आवाज पडेल, आता जळका वास येईल.

"पाव्हणं," भाऊसाहेब म्हणाले, "फ्लेक्स बघितला. आवो, डोळं भरून आलं माझं. पोरीनं खानदानाचं नाव काढलं. आज चार वाजता त्या फ्लेक्सखालीच तिचा सत्कार ठेवलाय. फेटंवाला सांगितलाय, मांडव बी टाकतोय. तात्या सोता येणार हायेत."

तात्या म्हणजे त्यांच्या भागातले सगळ्यात वडीलधारे. साखर कारखान्याचे जुने सभासद, त्यांच्या शब्दाबाहेर गल्लीत कुणी जात नाही. मला माझ्या साडूचं मन एवढं मोठं आहे हे पहिल्यांदाच कळलं, आणि थोडं वाईटही वाटलं. जळतील म्हणून एवढा खर्च केला होता.

पोह्यांवर बसलो असताना मी ऋतुजाला आनंदाची बातमी दिली.

"कुठला फ्लेक्स?"

मी मोबाईलवर फोटो दाखवला. तिनं तो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"पप्पा, ही टोपी मी कधी घातली?"

"ती मी घातली."

"आन् हे कॉलेज कुणी ठरवलं?"

"तूच की. स्टेटस न्हाय का ठेवलं काल?"

"आवो, फोटो चांगला आला म्हणून ठेवला. मागच्या आठवड्यात मामाच्या म्हशीबरोबरचा ठेवला होता. मग काय गोठ्यात ॲडमिशन घेतली का मी?"

आता मंडळी, इथंच मी थांबलो असतो तर हा किस्सा झालाच नसता. पण माझ्या डोळ्यांसमोर मांडव, तात्या आणि सत्तावीस फोटो. मी काय म्हणालो असेन?

"मग आता घे की तिथंच."

"का?"

"अगं, फ्लेक्स लागलाय."

हे वाक्य मी बोललो. शुद्धीत बोललो. लेकीनं चार वर्षं कुठं शिकायचं, हे त्या क्षणी माझ्या लेखी बांबूला बांधून झालं होतं.

बायकोनं कढईतला झारा वर काढला. "उद्या तुमच्याकडनं चुकून भावपूर्ण श्रद्धांजली छापली गेली, मग काय करायचं वो आमी? फ्लेक्स लागलाय म्हणून निजायचं?"

ऋतुजा मात्र शांत होती. म्हणाली, "चला इंदापूरला. तिथंच काय ते सांगते."

लासुर्णे येईपर्यंत मी तिला फीचं टेन्शन घेऊ नको म्हणून सांगितलं. निमगाव केतकी येईपर्यंत प्रतिष्ठा म्हणजे काय ते सांगितलं. ती मोबाईल हातात धरून खिडकीबाहेरचा ऊस बघत होती. मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "गाडी चालवा."

मांडवात सत्तावीसच्या सत्तावीस शुभेच्छुक हजर. प्रत्येकजण आला की आधी फ्लेक्ससमोर जाऊन स्वतःला शोधायचा, सापडला की मग खुर्चीत बसायचा. एक चुलत मेहुणा तर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, मला माझ्या धाकट्या भावाच्या, सदाच्या खालती का टाकला?" मी म्हटलं, पुढच्या वेळी वर टाकतो. पुढच्या कुठल्या वेळी, देव जाणे.

ऋतुजाला फेटा बांधला. शाल दिली, नारळ दिला. तात्या बोलायला उठले तेव्हा घड्याळात चार चाळीस.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगतो, ती मी बायकोलाही बरेच दिवस सांगितली नव्हती. माझ्या मनात आलं, तात्यांचं भाषण पाच वाजेपर्यंत चालू दे. तात्या एकदा सुरू झाले की कारखान्याच्या पहिल्या मोळीपासून येतात, हे सगळ्यांना ठाऊक. पाच वाजून गेले की सरकारीची सीट जाईल, पोरीचा नाइलाज होईल आणि माझा फ्लेक्स खरा ठरेल. बापाच्या मनात असं यावं, ह्याची मला आजही लाज वाटते.

आणि नशीब बघा. तात्यांचा घसा बसला होता. "पोरगी हुशार हाय. मी काय बोलनार? तीच बोलंल," एवढंच म्हणून ते खाली बसले. चार बेचाळीस.

ऋतुजा उभी राहिली. फेटा जरा कपाळावर आला होता, तो तिनं मागं सारला.

"तात्या, ह्या फ्लेक्सवर मी हाय, माझे सगळे पाव्हणे हायेत, सगळ्यांनी दिलेल्या शुभेच्छा खऱ्या हायेत. फक्त कॉलेजचं नाव तेवढं चुकलंय. मी सरकारी विद्यापीठात चाललेय."

आणि सगळ्यांच्या देखत तिनं मोबाईलवर बोट दाबलं. सीट पक्की झाली.

मांडवात फक्त पलीकडच्या रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत राहिले. भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी फ्लेक्सकडं बघितलं, फ्लेक्सवरून मी स्वतःच माझ्याकडं हसून बघत होतो.

तात्यांनी काठी टेकली. "सरकारी म्हंजी फी कमी?"

"व्हय, तात्या."

"आन् मार्क?"

"जास्ती लागत्यात."

तात्या सावकाश माझ्याकडं वळले. बसक्या आवाजात म्हणाले, "म्हंजी कमी पैशात जास्त अवघड ते पोरीनं मिळवलं, आन् तू दुसरंच छापलंस? आरं, धंदा तरी कसा करतोस तू?"

मग जे हसू फुटलं मांडवात, ते मी काय वर्णन करू? फेटेवाला हसला. रसवंतीवाला चरक थांबवून बघायला आला. भाऊसाहेबांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की तोंडातली सुपारी बाहेर. आणि मग, कसं कोण जाणे, मीही हसायला लागलो. पोरीनं भर मांडवात बापाला खोटं पाडलं होतं आणि माझी छाती मात्र फुगत चालली होती.

"आता ते दुरुस्त करा," तात्यांनी हुकूम सोडला. माझ्या गाडीत चुका झाकायला पांढऱ्या चिकटपट्टीचा रोल असतोच. भाऊसाहेबांनी दुकानातली शिडी आणली, सदानं आणि चुलत मेहुण्यानं ती दोन्ही बाजूंनी धरली, आणि ऋतुजा फेटा बांधलेलीच वर चढली. सोनेरी नावावर पट्टी मारून तिनं जाड पेनानं स्वतःच्या अक्षरात सरकारी विद्यापीठाचं नाव लिहिलं. ओळ थोडी तिरकी गेली. माझ्या दुकानातून असलं काम गेलं असतं तर गिऱ्हाइकानं परत पाठवलं असतं. मी मात्र त्याचे सात फोटो काढले.

परत येताना निमगावात चहाला थांबलो. मी ऋतुजाला म्हटलं, "चुकलं माझं. तुझं सरकारीचं आधीपासनं पक्कं होतं, मी उगाच मधी तंगडं घातलं."

ती बशीत चहा ओतत म्हणाली, "पक्कं कुठं होतं, पप्पा? सकाळपर्यंत माझं मन काचेच्या कॉलेजाकडंच चाललं होतं. तिथली लॅब लई भारी हाय. तुमालाबी तेच पायजे होतं. पोहे झाले की सांगणारच होते."

मी कप खाली ठेवला. "मग?"

"मग तुमी फ्लेक्स दाखवला. सत्तावीस माणसं आन् टोपी. म्हटलं, आपण शिकायला चाललोय का ह्यांना दाखवायला चाललोय? सरकारीच्या यादीत नुसतं माझं नाव होतं. फोटो कुणाचाच न्हवता. ते बरं वाटलं मला."

म्हणजे बघा. एक दिवस, फक्त एक दिवस मशीन बंद ठेवलं असतं तर मला हवं तेच घडलं असतं. माझ्याच फ्लेक्सनं माझंच कॉलेज पाडलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी चहा गरम आहे म्हणून खपवलं. आज ती पोर त्या पायऱ्यांवर रोज भांडते आणि फोनवर इतकी खुशीत बोलते की मला त्या शिपायाच्या हनुवटीचंही कौतुक वाटतं.

आता ऐका, काल काय झालं ते. वडगाव निंबाळकरचे एक गृहस्थ दुकानात आले. खुर्ची ओढून बसले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "आमचं पोरगं बी महागड्या कॉलेजावर अडून बसलंय. त्याच कॉलेजाचा एक फ्लेक्स छापून द्या की."

मी माप घ्यायला वही उघडली. "कुठल्या चौकात लावायचाय?"

"लावायचा न्हाय वो, नुसता पोराला दाखवायचाय, तुमच्या पोरीगत त्याचंबी मन फिरंल. आन् खाली तुमचा फोटो तेवढा मोठा टाका. 'मार्गदर्शक' म्हणून."